शकूची तिसरी बाटली

मित्रांनो, जबलपूरला कांचघर भागात एक लहानसं तपासणी केंद्र आहे. आत शिरलात की डाव्या हाताच्या ओट्यावर राखाडी रंगाची एक लोखंडी पेटी दिसेल. तिचा एक पाय तोकडा आहे, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली आहे. ती पेटी म्हणजे मी. मला इनक्युबेटर म्हणतात. सत्तावीस वर्षं मी इथे आहे आणि एवढ्या वर्षांत मी कोणाला खोटं सांगितलेलं नाही. तरी माझ्यावर एकदा खोटेपणाचा आळ आला. तो ज्या बाईमुळे आला, तिच्याइतकी माझी काळजी दुसऱ्या कोणी घेतली नव्हती.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तिथे शाळा-कॉलेजांसाठी तराजू, भिंगं, परीक्षानळ्यांचे स्टँड असं पुष्कळ काही बनतं. माझ्या दोन भिंतींच्या मधे काचेचा कापूस भरला, तळाशी तापणारी तार बसवली, आत एक काचेचं दार आणि बाहेर एक लोखंडी दार लावलं. मग एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात थर्मामीटर ठेवून मला तीन दिवस चालू ठेवलं. पारा सदतीस अंशांवरून हलला नाही, तेव्हा त्याने माझ्या पाठीवर खडूने खूण केली. मालगाडीतून गोणपाट आणि पेंढ्यात गुंडाळून मी जबलपूरला आलो.

मला विकत घेतलं ते विनताताईंनी. त्या जंतुशास्त्राच्या डॉक्टर. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या काळी चाकरीनिमित्त इकडे आले आणि इथलेच झाले. ताई कमी बोलतात. काही लिहायचं झालं तर आधी दोनदा बघतात.

माझं काम सांगायला सोपं आहे. आजारी माणसाच्या लघवीचा एक थेंब तारेच्या कडीने बशीतल्या खाद्यावर ओढतात आणि ती बशी माझ्या पोटात ठेवतात. मी तिला माणसाच्या अंगाइतकी ऊब देतो. जंतू असले तर वाढतात. जो एकटा कोणालाच दिसला नसता, त्याचा सकाळपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका होतो. कोणता गुलाबी, कोणता सोनेरी. एक जंतू मात्र ठिपका होऊन बसत नाही. तो चालत सुटतो. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी एकाबाहेर एक वर्तुळं तो बशीभर काढतो, आणि त्याला मासळीचा वास येतो. ताई त्याला प्रोटियस म्हणतात. तो लघवीतला युरिया मोडतो, त्याने तिची आम्लता जाते, मग क्षार खाली बसतात, मूत्रपिंडात खडा वाढतो, आणि वाढलेल्या खड्याच्या फटींत हाच जंतू लपून राहतो.

शकू इथे कामाला आली त्याला अठरा वर्षं झाली. तिचं माहेर सिहोऱ्याचं, माणसं मूळची विदर्भातली. नवरा अचानक गेला तेव्हा तिची मुलगी वैभवी चार वर्षांची होती. सकाळी सातला केंद्र उघडायचं, बश्या उकळायच्या, ओटा पुसायचा, नमुने घ्यायचे, ही कामं शकूची. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिने विचारलं, "ताई, ही पेटी काय करते?"

"जंतू उबवते."

"म्हणजे कोंबडीच की बाप्पा," शकू म्हणाली. तेव्हापासून मी तिची कोंबडी.

उन्हाळ्यात माझी खरी परीक्षा असते. मला तापता येतं, थंड होता येत नाही. मे-जूनमध्ये खोलीतच पारा बेचाळीसला गेला तर मी काय करणार? तेव्हा शकू खिडकीला वाळ्याचा पडदा लावायची, दर तासाला त्यावर पाणी मारायची, कूलर माझ्याकडे वळवायची आणि माझं तापमान वहीत लिहायची. लाइट गेली तर ओलं फडकं माझ्या डोक्यावर टाकायची. दसऱ्याला ती मला हळदकुंकू लावायची आणि ताई म्हणायच्या, "थर्मामीटरच्या भोकात कुंकू जाऊ देऊ नकोस." इथला तंत्रज्ञ धनेश हसायचा. "शकुदीदी, मशीन है, मौसी नहीं." शकू उत्तर द्यायची, "तुझ्यापेक्षा वेळेवर येते ते. हजेरी पाहू का दोघांची?"

मित्रांनो, मला वाटायचं, या बाईला माझ्या कामाची किंमत जेवढी कळते तेवढी ताईंनाही कळत नसेल.

गेल्या मे महिन्यात शकूची पहिली बाटली माझ्याकडे आली. तिच्या उजव्या मूत्रपिंडात मोठा खडा होता, सांबराच्या शिंगासारख्या फांद्या फुटलेला. वर्षभरापूर्वी वेदना असह्य झाल्या तेव्हा आत एक नळी टाकून वाट मोकळी केली होती. आता सिव्हिल लाइन्समधल्या एका दवाखान्यात डॉक्टर अनिमेष पाठीतून दुर्बीण घालून तो खडा फोडणार होते. त्यांनी आधी लघवीचं कल्चर, म्हणजे हीच जंतूंची तपासणी, मागितलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी माझं दार उघडलं. बशीभर वर्तुळं होती.

ताईंनी शकूला समोरच्या स्टुलावर बसवलं. "नीट ऐक. ऑपरेशन करताना खडा फोडतात आणि पाण्याच्या जोराने तुकडे धुऊन काढतात. जंतू असतील तर त्या जोराने ते रक्तात जातात. मग ताप, थंडी, बीपी खाली. माणूस जातो त्याने. तुझ्या बाबतीत धोक्याच्या चार गोष्टी आहेत. खडा मोठा आहे, म्हणजे वेळ जास्त लागणार. आत जुनी नळी आहे. तुला साखर आहे. आणि लघवीत हा जंतू आहे. पहिल्या दोन तुझ्या हातात नाहीत. दुसऱ्या दोन आहेत."

"मग काय करू?"

"साखर आवर. आणि या गोळ्या सात दिवस. एक चुकवायची नाही."

शकूने तीन दिवस घेतल्या. चौथ्या दिवशी उलट्या झाल्या आणि तिने पाकीट डब्यात टाकून दिलं. मेच्या शेवटी दुसरी बाटली आली, तीही वर्तुळांनी भरली. ऑपरेशन पुढे गेलं. ताई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त औषध बदललं. आता दहा दिवस इंजेक्शनं होती, दवाखान्यात जाऊन घ्यायची.

याच सुमारास वैभवीला इंदूरच्या एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. एक जुलैला रुजू व्हायचं होतं. त्या दिवशी ती आईला घ्यायला केंद्रात आली होती.

"तुझं ऑपरेशन झालं नाही तर मी जाणार नाही," ती म्हणाली. "तुला कोण बघणार?"

"काहून नाही जाणार? मी काय लहान आहे?"

"दर्द झाला की तू रस्त्यात बसून जातेस, आई. परवा शेजारच्या काकू घेऊन आल्या ना."

"ऑपरेशन जूनमध्येच होऊन राहिलं. तू तुझी बॅग भर."

ती जे बोलली ते तिने स्वतःशी पक्कं केलं होतं. डॉक्टर अनिमेषांची सोळा जूनची तारीख होती. ती चुकली तर पुढची ऑगस्टमध्ये. पाचव्या इंजेक्शननंतर शकूच्या भाचीचं सिहोऱ्याला लग्न निघालं. ती गेली आणि पुढची पाच इंजेक्शनं राहिली.

बारा जूनला सकाळी सातला शकूने केंद्र उघडलं. आत ती आणि मी, तिसरं कोणी नव्हतं. तिने नेहमीप्रमाणे माझा पारा पाहिला, वहीत ३७ लिहिलं. मग डब्याच्या पिशवीतून एक बाटली काढली. तिच्यावर कागदाची चिठ्ठी होती: वैभवी. शकूने ती चिठ्ठी नखाने सोलून काढली, दुसरी चिकटवली आणि सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. सोललेल्या चिठ्ठीची तिने गोळी केली आणि कचऱ्यात न टाकता पदराला बांधली.

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मित्रांनो, मला आवाज नाही. माझ्याकडे एक लाल दिवा आहे, तो फक्त तार तापते आहे की नाही तेवढं सांगतो. धनेश आला, त्याने त्या बाटलीतला थेंब बशीवर ओढला आणि बशी माझ्या पोटात ठेवली. मी तिला दोन दिवस ऊब दिली, जशी सगळ्यांना देतो. काही उगवलं नाही. कोणा निरोगी मुलीच्या लघवीत काय उगवणार?

"स्वच्छ," ताई म्हणाल्या. कागदावर सही करताना त्या हसल्या. त्या क्वचित हसतात. "शकू, दहा दिवस नियमाने घेतलीस म्हणून हे झालं."

"हो ताई," शकू म्हणाली आणि ओटा पुसू लागली. तो आधीच पुसलेला होता.

सोळा तारखेला ऑपरेशन झालं. अडीच तास लागले. खडा इतका मोठा होता की एक फांदी आत ठेवावी लागली. निघालेल्या खड्याचा एक तुकडा आणि ऑपरेशनच्या आधी नळीने घेतलेली लघवी, दोन्ही दुपारी माझ्याकडे आलं. संध्याकाळी शकूला हुडहुडी भरली. एकशे तीन ताप, बीपी सत्तरवर. तिला अतिदक्षता विभागात हलवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी माझं दार उघडलं. दोन्ही बश्यांवर वर्तुळं होती. कोणतं औषध चालेल हे कळायला आणखी एक दिवस लागणार होता, पण ताई थांबल्या नाहीत. त्यांनी मेचे कागद काढले आणि फोन लावला.

"अनिमेष, तोच जंतू आहे. तुम्ही जे सुरू केलंय त्याला तो जुमानत नाही. माझ्या मेच्या रिपोर्टमधलं तिसरं औषध द्या. आत्ता." मग त्यांनी बराच वेळ ऐकलं. "हो. खड्याच्या आत असतात, लघवी स्वच्छ आली तरी असतात. मान्य. पण नळीच्या लघवीत लाखाच्या वर आहेत. चार दिवसांत एवढे? … नाही. मलाही कळत नाही."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"दीदी, मैं बोलूँ?" धनेश म्हणाला. "पुराना है. जून में अंदर बयालीस-तैंतालीस हो गया होगा, प्लेट सूख गई होगी. कभी चलता है, कभी नहीं."

ताईंनी शकूची वही उघडली. बारा, तेरा, चौदा जून. तासातासाला ३७, ३७, ३७. तरी त्यांनी माझ्या पोटात नवा थर्मामीटर ठेवून दोन दिवस पाहिलं. तो सदतीसवरच राहिला. ताईंचं मन भरलं नाही. त्यांच्या सहीचा कागद पाहून एका बाईला टेबलावर घेतलं होतं आणि ती बाई आता नळ्यांमध्ये पडली होती. त्यांना कोणाला तरी दोष द्यायचा होता, आणि स्वतःनंतर त्यांना मीच सापडलो.

त्यांनी माझा प्लग काढला आणि माझ्या दारावर चिकटपट्टीने कागद लावला: वापरू नये. नवीन यंत्र मागवलं, तोवर बश्या शेजारच्या केंद्रात जाऊ लागल्या. सत्तावीस वर्षांत मी पहिल्यांदाच थंड पडलो. लोखंड थंड झालं की त्याला गंजाचा वास येतो, तो मला तोपर्यंत माहीत नव्हता.

मला शकूचा राग आला, हे मी लपवत नाही. ज्या हाताने ती माझा घाम टिपायची त्याच हाताने तिने चिठ्ठी सोलली होती. दुसऱ्या कोणी बाटली बदलली असती तर मी म्हटलं असतं, अजाण माणूस आहे. शकूने अठरा वर्षं वर्तुळं पाहिली होती. माझ्याकडून काय कळतं आणि ते कळल्याने कोण वाचतं, हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर तिने स्वतःची बाटली माझ्यापर्यंत येऊ दिली नाही.

ऑपरेशननंतर बरोबर नवव्या दिवशी वैभवी केंद्रात आली. तिचे केस विंचरलेले नव्हते.

"आंटी, आईला आज वॉर्डमध्ये आणलं. बोलते आहे. डॉक्टर म्हणाले, तुमचा फोन आला नसता तर…" तिने वाक्य सोडून दिलं. "खड्याचा रिपोर्ट हवाय त्यांना."

ताईंनी पाकीट दिलं. वैभवी निघाली आणि दाराशी थांबली. "और आंटी, माझाही एक होता ना? जॉइनिंगच्या मेडिकलचा. आता एक तारखेला जाणं तर होत नाही, पण शाळेने पंधरा दिवस दिलेत. म्हटलं घेऊनच जाते."

"तुझा कसला रिपोर्ट?"

"यूरिनचा. आईच घेऊन आली होती. बारा तारखेला. मीच माझं नाव लिहून दिलं होतं."

ताईंनी नोंदवही ओढली. बोट वरून खाली नेलं, मग पुन्हा वरून खाली. बारा तारखेला सतरा नावं होती. वैभवीचं नव्हतं. शकूचं होतं.

धनेशने खुर्ची पुढे केली, पण वैभवी बसली नाही. ती विज्ञान शिकलेली मुलगी होती. तिला समजावून सांगावं लागलं नाही.

"म्हणजे ती माझी बाटली होती," ती हळू म्हणाली. "माझ्या बाटलीवर आईला टेबलावर घेतलं."

ताईंनी शकूची तापमानाची वही उचलली, तेच पान उघडलं आणि धनेशला विचारलं, "हे सदतीस तरी खरे असतील का रे?"

मित्रांनो, ते खरे होते. प्रत्येक आकडा खरा होता. पण एक खोटं लिहिलेलं सापडलं की आधीचं खरंही संशयात जातं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मग ताई माझ्याजवळ आल्या, कागद ओढून काढला, चिकटपट्टीचा डाग स्पिरिटने पुसला आणि माझा प्लग लावला. त्यांनी माफी मागितली नाही. यंत्राची कोणी मागत नाही. तार तापायला लागली तेव्हा मला बरं वाटलं, एवढं खरं.

शकू घरी गेली ती वीस दिवसांनी, आणि तेव्हाही तिला एकटं सोडण्यासारखं नव्हतं. इंदूरच्या शाळेने पंधरा दिवस वाट पाहिली आणि दुसरी शिक्षिका घेतली. ज्या गोष्टीच्या भीतीने शकूने हे सगळं केलं होतं, ती गोष्ट त्यामुळेच घडली.

सप्टेंबरमध्ये ती केंद्रात आली. खड्याची राहिलेली फांदी अजून आत होती आणि दुसरं ऑपरेशन व्हायचं होतं. ती निम्मी झाली होती. बरोबर वैभवी होती. धनेशने केंद्राच्या किल्ल्या खिशात खाली सरकवल्या. आता त्या त्याच्याकडे असतात.

"ये, बस," ताई म्हणाल्या.

"उभीच बरी आहे." शकूने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "ताई, मला वाटलं, पाच इंजेक्शनं झाली, थोडेच उरले असतील. एवढ्याने काय होते."

"तुला वाटलं नाही, शकू. तुला माहीत होतं."

"हो," शकू म्हणाली. "माहीत होतं."

"मी सही केली होती. तुझं नाव बघून दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या कोणाचं असतं तर विचारलं असतं, इतक्या लवकर कसं स्वच्छ झालं म्हणून."

ताईंनी कपाटातून बंद बाटली काढली, तिच्यासमोर नाव लिहिलं आणि तिच्या हातात दिली. शकू आत जायला निघाली तशी वैभवी तिच्या मागे गेली आणि दारात उभी राहिली.

"आता दाराशी पहारा देणार का मला?" शकूने विचारलं.

"हो," वैभवी म्हणाली. "तुम दरवाज़ा बंद कर लो. मी इथेच आहे."

आतून पाणी वाजलं. शकू बाहेर आली तेव्हा तिने बाटली वैभवीला दिली नाही, धनेशलाही दिली नाही. ओट्यावर, सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली.

दुसऱ्या दिवशी दोघी पुन्हा आल्या. ताईंनी माझं दार उघडून बशी काढली आणि शकूच्या हातात ठेवली. "तूच वाच."

शकूने बशी उजेडाकडे तिरपी धरली. पूर्वीसारखी भरलेली नव्हती. पण एका कडेला वर्तुळं होती, दोन-तीन, पुसट. दिसली नाहीत असं म्हणता आलं असतं.

"आहेत," शकू म्हणाली.

"गुरुवारची तारीख आहे. अनिमेषना काय सांगू?"

"नाही होत गुरुवारी, सांगा. औषध पूर्ण करते. मग पुन्हा बाटली देते. पुन्हा आले तर पुन्हा थांबते." तिने बशी ओट्यावर ठेवली आणि मुलीकडे वळली. "भोपाळच्या शाळेचं पत्र आलं आहे ना तुझ्या पर्समध्ये? चार दिवस झाले, लपवून राहिली. तू जा. माझं व्हायचं तेव्हा होईल."

"आणि दर्द झाला तर?"

"तर धनेश आहे. रिकामाच असतो."

धनेश हसला नाही, पण त्याने मान हलवली. वैभवी म्हणाली, "जाईन. पण रोज गोळी घेतल्यावर फोन करायचा. व्हिडिओवर. जीभ दाखवायची."

"दाखवीन बाई," शकू म्हणाली.

जाताना तिचा हात सवयीने माझ्या दाराकडे आला आणि मधेच थांबला. ताईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो हात मला हवा होता की नको, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचं असं ऑपरेशन ठरलं, तर त्यांच्या गोळ्या मोजून पूर्ण होऊ द्या, साखर तपासा, आत जुनी नळी असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, आणि तारीख पुढे गेली म्हणून रुसू नका. आमच्यासारख्या पेट्यांना वेळेवर पुसा, उन्हात जपा, हे तर आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. शकूने मला अठरा वर्षं जपलं होतं. मी फक्त ऊब देऊ शकतो. बाटलीवर नाव कोणाचं लिहायचं, ते माणसाच्या हातात असतं.